जनरेटरची ट्रॉली ओढायला डिझेल पिकअप घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. इंदुरात मंडप, लाइट आणि साउंडचं काम आहे. 62.5 केव्हीएचा सायलेंट जनरेटर चारचाकी ट्रॉलीवर बसवलेला आहे. लग्नसराईत तो एका मॅरेज गार्डनमधून दुसऱ्यात फिरतो, मधूनच उज्जैन-देवास होतं, आणि वर्षातून काही वेळा मानपूरचा घाट उतरून धामनोदच्या बाजूला जावं लागतं. ओढायला भाड्याची गाडी लागते. शहरातल्या फेरीला नेणं-आणणं धरून 1,800 रुपये जातात, वर्षाला 75-80 फेऱ्या होतात. घरी एक डिझेल स्कॉर्पिओ आहे. स्वतःची डिझेल पिकअप घ्यावी का, घेतली तर कोणती, की स्कॉर्पिओलाच हुक मारून भागेल?

नुसती ट्रॉली ओढायला घ्यायची असेल तर घेऊ नका. ज्या दिवशी मागे ट्रॉली नाही त्या दिवशी पिकअपचा डाला, म्हणजे मागचा हौदा, भरून धंद्यावर जाणार असेल, तरच पुढचा हिशोब करण्यात अर्थ आहे. आमच्या गॅरेजला ट्रान्सपोर्टवाले, मंडपवाले, बोअरवेलवाले असे सगळ्या जातीचे डिझेलवाले येतात. ओढण्याच्या कामात ज्यांची गाडी तोट्यात गेली त्यांच्यात इंजिन कमी पडलं म्हणून रडणारा क्वचितच सापडतो. क्लच, ब्रेक, कागद आणि उभी राहिलेली गाडी, रडगाणं याच चार गोष्टींचं असतं.

आधी वजन बघू, कारण मालक स्वतःच्या ट्रॉलीचं वजन नेहमी कमी सांगतो. 62.5 केव्हीएचा कॅनोपीसकट जनरेटर साधारण दीड टनाच्या आसपास असतो. त्यात लोखंडी ट्रॉली, चार चाकं, कमानी, भरलेली टाकी आणि वर गुंडाळून टाकलेली केबल धरा. सव्वादोन टन कुठेही गेले नाहीत. खात्री करायची तर देवास नाक्याकडच्या कुठल्याही धर्मकाट्यावर एकदा ट्रॉली चढवून पावती घ्या. शे-दोनशे रुपयांत पुढचे बरेच वाद मिटतात. आता समजा पुढे बोलेरो पिकअपसारखी गाडी आहे, डाल्यात दोन-तीन मुलं आणि थोडं सामान आहे. सगळी वरात मिळून साडेचार टनांची झाली.

सपाट रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरने हे साडेचार टन चालवायला चाकांवर किती ताकद लागते? टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून 17-18 अश्वशक्ती. बस, एवढीच. 20 मीटरला 1 मीटर चढणाऱ्या घाटात हेच वजन 40 च्या वेगाने वर न्यायला चाकांवर 45 च्या आसपास लागते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली तूट धरली तर इंजिनाला 50. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं इंजिन साधारण 75 अश्वशक्ती देतं. म्हणजे बाजारातली सगळ्यात साधी डिझेल पिकअपसुद्धा तुमचा जनरेटर मानपूरच्या घाटातून वर आणते. तिसऱ्या गिअरमध्ये आणेल, मागे चार ट्रक हॉर्न देत येतील, पण आणेल. अनंत चतुर्दशीला आपल्याकडे मिलच्या झांक्या निघतात, त्या ट्रॉल्या ट्रॅक्टर रात्रभर ओढतात आणि त्या ट्रॅक्टरची अश्वशक्ती विचाराल तर तुमच्या स्कॉर्पिओच्या निम्मीही भरणार नाही.

मग 200 अश्वशक्तीची गाडी कशाला घेतात? अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. तिकडच्या मोठ्या डिझेल पिकअप वेगळ्याच आहेत. 6.7 लिटरची इंजिनं, 1,000 न्यूटन-मीटरच्या पुढचा टॉर्क (इंजिनाचा पिळाचा जोर), कंपनीतूनच आलेला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी धरायची सोय), ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर डॅशबोर्डवर. आणि मागे जे पाच-सहा टन असतात ते हायवेवर 100 च्या वेगाने, दिवसाला शेकडो किलोमीटर. तिथे हिशोब बसतो. आपल्याला बिचोलीहून राऊच्या गार्डनला जायचं आहे.

डिझेलचा खरा फायदा अश्वशक्तीत नाही, ती कुठल्या आरपीएमला मिळते त्यात आहे. टर्बो डिझेल 1,500-2,000 आरपीएमलाच जवळजवळ सगळा टॉर्क देऊन मोकळं होतं. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला तेवढ्यासाठी 3,500-4,000 पर्यंत ओरडावं लागतं. ट्रॉली जागेवरून उचलताना नेमकं हेच कामाला येतं. क्लच अर्धवट दाबून रेस देत बसावं लागत नाही, गाडी खालच्या आरपीएमलाच उठते. शिवाय इंदुरात पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे 14-15 रुपयांचा फरक आहे, आणि वजन मागे असताना पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज डिझेलपेक्षा फार जास्त घसरतं. सीएनजी पिकअप डाल्यात माल न्यायला चांगली, तुमच्या ट्रॉलीसाठी विचारही करू नका. तेव्हा ओढायचंच असेल तर डिझेल, यात वाद नाही. वाद आहे तो 'स्वतःची' या शब्दावर.

पण त्याआधी थांबवण्याचं बोलू, कारण मला खरी काळजी त्याची आहे.

तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का? मी बघितलेल्या मंडपवाल्यांच्या बहुतेक ट्रॉल्यांना नाही. फार तर एक हॅन्डब्रेकची दांडी असते, उभी केल्यावर ओढायची, तीही गंजलेली. म्हणजे सव्वादोन टन मागून ढकलत असतात आणि ते सगळे थांबवायची जबाबदारी पावणेदोन टनांच्या पिकअपच्या ब्रेकवर. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा 750 किलो आहे. टोयोटा हायलक्स किंवा इसुझूची डी-मॅक्स साडेतीन टन ओढते असं इंटरनेटवर वाचायला मिळतं, ते खरं आहे, पण तो बाहेरच्या देशांतला आकडा आहे आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतानाचा आहे. त्याच गाडीला बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी ऑस्ट्रेलियात 750 किलोच दिलेले आहेत. तुमची ट्रॉली त्याच्या तिप्पट.

वेग 40 वरून 60 वर नेला की थांबवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोन पट होते. त्यात ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला तर मागची ट्रॉली सरळ थांबत नाही. ती पिकअपचं शेपूट बाजूला ढकलते आणि गाडी घडीच्या चाकूसारखी मिटते. हे इंजिनाने सुटत नाही. हायलक्स घेतलीत तरी सुटत नाही, फक्त पुढची गाडी जड असल्याने थोडं उशिरा होतं.

म्हणून पिकअपच्या आधी ट्रॉलीवर खर्च करा. इनर्शिया ब्रेक, म्हणजे पुढची गाडी हळू झाली की ट्रॉलीचा दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रॉलीचे ब्रेक लागतात, ही सोय चांगल्या ट्रॉली बनवणाऱ्याकडून करून मिळते. नवी ट्रॉली बनवताना तर हे आधीच सांगा. हबमधले बेअरिंग बघा. बऱ्याच ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे 20-25 च्या वेगाने चालतील या हिशोबाने बनलेल्या असतात, आणि तीच ट्रॉली पिकअपला लावली की पोरं 60 ने पळवतात. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून चारही हबना हात लावा. कोमट असतील तर ठीक, ज्याच्यावर हात ठेववत नाही त्याचं ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग चाललंय.

आणि ती पिन. तुमची ट्रॉली जोडताना जी पिन टाकता ती एकदा उन्हात धरून बघा. नवी असताना ती सरळ गोल असते. काही सीझननंतर मधोमध कंबर पडते, जिथे दांड्याची कडी घासते तिथे. आणि कडीचं गोल भोक लांबट होतं. मग प्रत्येक गिअरला मागून 'ठक' असा धक्का येतो, ड्रायव्हर म्हणतो ट्रॉलीचा आवाज आहे, चालतंय. तो धक्का पिकअपच्या चॅसिसवर जिथे हुकाची प्लेट बोल्ट केली आहे तिथे जातो, आणि बोल्टच्या भोकाभोवती बारीक केसासारखी चीर पडते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत पिनच्या जागी सरियाचा, म्हणजे बांधकामाच्या सळईचा, तुकडा होता आणि तो निघू नये म्हणून वरून तार गुंडाळली होती. मालकाने गाडीवर मात्र 20 हजारांची म्युझिक सिस्टीम लावली होती. योग्य जाडीची पिन, खालून लॉक, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकींना ओलांडून गेलेल्या दोन साखळ्या, म्हणजे पिन तुटली तरी दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत राहतो. याला दोन-अडीच हजारांच्या वर खर्च नाही.

आता घाट. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, आणि खलघाटला नर्मदा लागते ती त्याच्या बरीच खाली. हा सगळा फरक मानपूर ते धामनोदच्या दरम्यान उतरायचा असतो. याच वाटेवरच्या गणपती घाटाचं नाव ब्रेक फेल होण्यासाठी किती बदनाम आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. डिझेल गाडी उतारावर स्वतःच धरून ठेवते, असं बऱ्याच ड्रायव्हरांना वाटतं. उलट आहे. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप बंद होते, इंजिनाला हवा ओढायला जड जातं आणि गाडी धरली जाते. डिझेलमध्ये हवेची वाट तशी बंद होत नाही. पिस्टन हवा दाबतो खरा, पण ती दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते, म्हणजे घेतलेलं बरंचसं परत दिलं. मोठ्या ट्रकमध्ये म्हणूनच एक्झॉस्ट ब्रेक असतो. आपल्या छोट्या पिकअपमध्ये तो नसतो. तेव्हा घाट सुरू व्हायच्या आधीच दुसरा-तिसरा गिअर टाका, 30-35 वर उतरा, ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा जोरात दाबून सोडत चला. उतारावर मध्येच गिअर बदलायला गेलात आणि पडला नाही, तर पुढचं ट्रॉली ठरवते. धामनोदचं काम असेल आणि ट्रॉलीला ब्रेक नसेल तर माझं सरळ मत आहे की जनरेटर हायड्रा क्रेनने उचलून ट्रकमध्ये टाका आणि तसा न्या. हायड्राचे पैसे पार्टीकडून घ्या.

गाड्यांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा या कामाच्या गाड्या, दहा लाखांच्या आसपास मिळतात. योद्धाचं 2.2 लिटर इंजिन 250 न्यूटन-मीटर देतं, बोलेरोचं 200. ट्रॉलीसाठी योद्धा थोडी सरस, पार्ट आणि मिस्त्री गल्लोगल्ली मिळायच्या बाबतीत बोलेरोला तोड नाही. बडवानीच्या पुढेही बंद पडली तरी कोणीतरी उघडून बसतो. इसुझूची व्ही-क्रॉस 1.9 लिटरची, 163 पीएस आणि 360 न्यूटन-मीटर. हायलक्स 2.8 लिटरची, मॅन्युअलमध्ये 420 आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन-मीटर, पण किंमत 30 लाखांच्या आसपास जाते. हायलक्स सुंदर गाडी आहे. ज्याला घरचे पाच जण घेऊन फिरायचं आहे, शेतावर जायचं आहे, शौकही आहे आणि महिन्यातून दोनदा काहीतरी ओढायचं आहे, त्याने घ्यावी. मंडपवाल्याने जनरेटर ओढायला हायलक्स घेतली तर ते जनरेटर शोकेसमध्ये ठेवण्यासारखं आहे.

फोर-बाय-फोरचा एक फायदा मात्र खरा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही: रिव्हर्स. चारचाकी ट्रॉली, जिचा पुढचा धुरा दांड्याबरोबर फिरतो, ती मागे घेणं दोनचाकीपेक्षा कितीतरी कठीण, कारण वाकायला दोन जागा असतात. गार्डनचं मागचं गेट अरुंद, कच्ची चढण, वर कॅटरिंगवाल्यांची भांडी आडवी आलेली, आणि ड्रायव्हर इंच-इंच क्लचवर खेळतोय. क्लच प्लेटचा तो जळका वास तुम्हालाही माहीत असेल. हायवेवर हजार किलोमीटरमध्ये क्लच जेवढा झिजत नाही तेवढा अशा एका रात्रीत झिजतो. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-बाय-फोरच्या सगळ्यात हळू पण जोरदार गिअरमध्ये, गाडी क्लच पूर्ण सोडून मुंगीच्या चालीने मागे जाते. पण लो रेंज कच्च्यावरच वापरा. डांबरावर किंवा सिमेंटवर ती लावून स्टिअरिंग पूर्ण फिरवलंत तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि त्याचा भार ट्रान्सफर केसवर येतो. लो रेंज नसेल तर दोन पोरं लावून ट्रॉली सोडा आणि दांड्याने वळवा, क्लचपेक्षा मजुरी स्वस्त पडते.

बीएस-6 बद्दल, म्हणजे गाडीच्या धुरावरच्या नव्या नियमांबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण मंडपवाल्याचं काम आणि बीएस-6 डिझेल यांचं जमत नाही. 1 एप्रिल 2020 नंतरच्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, धुरातली काजळी पकडणारा फिल्टर. ती काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी फिल्टरमध्ये 600 अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालली की हे आपोआप होतं. तुमची गाडी काय करणार? लोकमान्य नगरहून निघणार, गर्दीतून सात-आठ किलोमीटर रांगत बायपासच्या गार्डनला जाणार, बंद होणार. मध्यरात्री परत तेवढीच. प्रत्येक वेळी जाळायची सुरुवात होते आणि अर्धवट सुटते. त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते पातळ झालेलं ऑइल टर्बोला खातं. ड्रायव्हर डॅशबोर्डवरचा दिवा दाखवत नाही, मालकाला कळतं तेव्हा गाडी लिम्प मोडमध्ये गेलेली असते, म्हणजे इंजिन स्वतःच ताकद कमी करून बसतं, तीही ऐन मुहूर्तावर.

यातली गंमत अशी की वजन ओढणं डीपीएफला मानवतं. एक्झॉस्ट तापतो, काजळी जळते. धामनोदची फेरी फिल्टरचं आयुष्य वाढवते, शहरातल्या फेऱ्या कमी करतात. तेव्हा आठवड्यातून एकदा देवास किंवा महूपर्यंत मोकळी चालवून आणायची शिस्त लावावी लागेल. काही गाड्यांत डीईएफही लागतं, 32.5 टक्के युरियाचं द्रावण. ते सीलबंदच घ्या. शेतातला युरिया पाण्यात कालवून भरणारे महाभाग आहेत, त्यांची इंजेक्टरची आणि कॅटलिस्टची बिलं आमच्यासारख्यांची घरं चालवतात.

देवशयनी एकादशी ते तुळशीचं लग्न, चार महिने लग्नं नाहीत. गणपती-नवरात्रात जनरेटर फिरतो, बाकी गाडी उभी. बॅटरी उतरते, टाकीत वाफेचं पाणी होतं. उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा आणि पुन्हा चालू करायच्या आधी फिल्टरखालचा पाण्याचा नट सोडून पाणी काढा.

कागदांचं लोकांना अपघातानंतर आठवतं. कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी, विमा वेगळा. तुमच्या ट्रॉलीला नंबर आहे का बघा. नसेल तर पुढची गाडी कितीही कागदोपत्री चोख असो, ट्रॉलीने कोणाला उडवलं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. गाडीच्या विम्यातही ट्रेलर ओढण्याचा उल्लेख करून घ्या, लेखी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरबद्दल काय छापलंय तेही वाचा, सेल्समनच्या शब्दावर जाऊ नका. बोलेरो पिकअप, योद्धा या पिवळ्या पाटीच्या गाड्या. नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेस लागत नाही, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे परमिट लागत नाही, त्यामुळे बऱ्याच पिकअप जाणूनबुजून 3,000 च्या जरा खाली बसवलेल्या असतात. जास्त पेलोडचं मॉडेल घेताना ही रेषा ओलांडतोय का ते बघा. ड्रायव्हरच्या लायसन्सचा घोळ बराच मिटला आहे: 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं.

आता पैसे. दहा लाखांची पिकअप, दोन लाख भरले, आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी 10 टक्क्यांनी. हप्ता 17 हजार. मालवाहू गाडीचा विमा, टॅक्स, सर्व्हिस, टायर यांचे महिन्याला सरासरी आठ हजार धरा. झाले 25 हजार, गाडी जागची हलली नाही तरी. ड्रायव्हर ठेवलात तर त्याचे 15-16 हजार. एका फेरीला 40 किलोमीटर धरले तर ओढताना 9 च्या अ‍ॅव्हरेजने चारशेच्या वर डिझेल. म्हणजे तुमच्या 1,800 मधले फेरीमागे 1,400 वाचतात. ड्रायव्हरसकट खर्च भरून निघायला महिन्याला 29 फेऱ्या हव्यात. गाडी घरचंच कोणी चालवणार असेल तर 18. तुमच्या फेऱ्या महिन्याला सरासरी सहा-सात. तिप्पट-चौपट फरक आहे, हे बारीकसारीक आकडे इकडेतिकडे करून भरून निघणारं नाही.

पण तुम्ही प्रश्नात एक गोष्ट लिहिली नाही. मंडपाचे पाइप, कापड, लाइटचे खोके, साउंडचे बॉक्स, हे सगळं सध्या कशातून जातं? तेही भाड्याच्या टेम्पोत जात असेल तर त्या भाड्याचा आकडा काढा, कारण मला वाटतं तो ट्रॉलीच्या भाड्यापेक्षा मोठा निघेल. पिकअपने तो माल रोज ओढला आणि रिकाम्या चार महिन्यांत डाला भाजी मंडीला किंवा एखाद्या दुकानाला लावून दिलात, तर गाडी स्वतःचा हप्ता स्वतः काढते आणि जनरेटर ओढणं जवळजवळ फुकटात पडतं. माझ्या माहितीत ज्यांना पिकअप परवडली ते सगळे असेच आहेत. निमाडात दर आठवड्याला कॉम्प्रेसर घेऊन जाणारा एक ठेकेदार आहे, त्याची गाडी कॉम्प्रेसर साइटवर सोडून तिथलाच माल भरून परत येते.

दुसरा रस्ता मला तुमच्यासाठी जास्त पटतो. ट्रॉलीच काढून टाका. टाटाची जुनी 407 किंवा आयशरचा छोटा ट्रक घ्या आणि जनरेटर डाल्यावर कायमचा बोल्ट करा, खाली रबर पॅड देऊन, धुराची नळी केबिनच्या वर काढून. आयशर तर इथेच पिथमपूरला बनते, पार्ट आणि मिस्त्री यांची चणचण नाही. पिन, साखळी, हब, रिव्हर्सची कसरत, ट्रॉलीची वेगळी नोंदणी, सगळं एका फटक्यात संपतं, आणि मानपूर घाटात मागून ढकलणारं काही राहत नाही. गैरसोय एकच, जनरेटर रात्रभर जिथे उभा तिथे गाडीही अडकते. तुमच्याकडे एकच जनरेटर असेल तर ही गैरसोय सोसण्यासारखी आहे. तीन-चार जनरेटर असते तर मी उलट म्हटलं असतं: एक पिकअप आणि चार ट्रॉल्या, गाडीने एकेक नेऊन ठेवावी.

स्कॉर्पिओला हुक मारू नका. ओढेल ती, इंजिनही चांगलं आहे आणि खाली शिडीसारखं चॅसिस आहे. पण पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीने धंद्याची बिनब्रेकची सव्वादोन टनांची ट्रॉली ओढताना काही झालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि लग्नसराईत क्लच जळला तर घरची गाडीही गेली. 10-15 केव्हीएचा छोटा सेट दोनचाकी ट्रॉलीवर असता तर वेगळा विचार केला असता. तशा ट्रॉलीत वजन धुऱ्याच्या किंचित पुढे ठेवायचं असतं, एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हुकावर दाबून बसेल असं. मागे जास्त भरलं की ती 50 च्या पुढे शेपूट हलवायला लागते.

सेकंड-हॅन्ड पिकअप बघायची ठरलीच, तर मार्च 2020 च्या आधीची बीएस-4 बघा, त्यात बहुधा डीपीएफची कटकट नाही आणि दिल्लीत डिझेलला लावला होता तसा दहा वर्षांचा नियम इंदुरात नाही. 2016 नंतरची अडीच लिटरची व्ही-क्रॉस, 320 न्यूटन-मीटरची, या कामाला छान आहे. बघायला जाल तेव्हा गाडी गार असताना स्टार्ट करायला सांगा, गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी या. ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवा, भसाभसा धूर येत असेल तर रिंगा गेल्या. चौथ्या गिअरमध्ये 30 वर गाडी आणून एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा, आरपीएम वाढला आणि वेग नाही वाढला तर क्लच घसरतोय. मागून खाली वाका आणि चॅसिसच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर हुकाच्या बोल्टची भोकं टॉर्चने बघा. नवा रंग फक्त तेवढ्याच भागावर असेल तर तिथे वेल्डिंग झालंय. आणि आरसीवर बँकेचं नाव चढलेलं असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म 35 आणि एनओसी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.